धर्मस्वातंत्र्याच्या आड सरकारी यंत्रणा आली तर गावातून नोंद कशी करायची

पहिले एक वही घ्या. शाळेची, शंभर पानी, रेघांची चालते. सुटी पानं नको, सुटं पान हरवतं आणि मधात नंतर कोंबलं असा आरोपही होतो. वहीच्या पानांना आधीच पेनाने नंबर टाकून ठेवा, १ पासून १०० पर्यंत, पहिल्या पानावर आपलं नाव अन् कोणत्या तारखेपासून लिहायला सुरुवात केली ते टाका, बस. बाकी सगळं ह्याच्यानंतर.

हे मी त्या पोरापोरींसाठी लिहितोय ज्यांच्याकडे गावातले लोक अर्ज लिहून मागतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तरी प्रत्येक गावात असं एक पोट्टं असतंच, बारावी नाहीतर बीए झालेलं, पीकविम्याचा फॉर्म तेच भरते, घरकुलाचा अर्ज तेच लिहिते. मग एक दिवस कोणीतरी येतं अन् म्हणतं, "भाऊ, आमची प्रार्थना बंद केली पोलिसाइनं, काय लिहावं आता?" किंवा विहाराच्या जागेचा ठराव ग्रामपंचायत तीन वर्षांपासून घेत नाही, किंवा दर्ग्याच्या उरूसाला परवानगी मागितली तर तोंडीच नाही म्हणून सांगितलं. तेव्हा पोट्टं गडबडते, एकतर घाबरून काहीच लिहीत नाही नाहीतर मोबाईलवर एक संतापाचा मेसेज टाकून मोकळं होते. दोन्हीने काही होत नाही. मी स्वतः बारा-तेरा वर्षं हे लिहायचं काम करतोय आणि एवढंच शिकलो की जिनिव्हात संयुक्त राष्ट्राच्या मानवी हक्क कार्यालयात बसलेला माणूस शेवटी तोच कागद वाचतो जो आपण तहसीलच्या खिडकीवर शिक्का मारून घेतलेला असतो. तिथला शिक्का नसला तर पुढचं सगळं हवेत जाते.

आधी हे ओळखा, मामला कोणाचा आहे

शेजाऱ्याने शिवी दिली, गावकऱ्यांनी बहिष्कार टाकला, हा एक प्रकार. पोलीस, तहसील, ग्रामपंचायत, सरकारी शाळा, वनखातं ह्यांनी अडवलं, हा दुसरा. दोन्हीची नोंद करा पण वेगवेगळी करा. जगभर ज्या संस्था हे मोजतात त्याही वेगळंच मोजतात, अमेरिकेतलं प्यू रिसर्च सेंटर २००७ पासूनची दोन मापं ठेवते, एक सरकारी निर्बंधांचं आणि दुसरं समाजातल्या वैराचं. आपल्या गावात मात्र दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असते, म्हणजे गावकरी आधी आरडाओरड करतात, मग पोलीस येतात आणि जे शांत बसून प्रार्थना करत होते त्यांनाच उठवतात. अशा वेळेस गावकऱ्यांचा भाग एका परिच्छेदात, पोलिसांचा दुसऱ्या परिच्छेदात. आणि पोलीस बोलावूनही आलेच नाहीत तर ती पण सरकारचीच बाब आहे, संरक्षण देणं त्यांचं काम आहे, म्हणून किती वाजता ११२ ला फोन केला अन् गाडी किती वाजता आली किंवा नाही आली, हे लिहाच.

मग हक्क नेमका किती आहे ते पाहा. संविधानाचं कलम २५, प्रत्येक माणसाला आपल्या सद्सद्विवेकाप्रमाणे धर्म मानायचा, आचरायचा, त्याचा प्रसार करायचा हक्क, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या अधीन. जगाच्या पातळीवर १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे, त्याचं कलम १८, आणि १९६६ चा नागरी व राजकीय हक्कांचा करार आहे, त्याचंही कलम १८. हा नंबर सारखाच असल्यामुळे लक्षात राहतो. भारताने १९७९ मध्ये हा करार स्वीकारला म्हणून आपण त्याच्यावर बोट ठेवू शकतो, कोण्या परक्याने आपल्यावर लादलेला तो नाही. ह्या करारात एक फार मोठी गोष्ट आहे, मनात काय मानायचं आणि कोणता धर्म स्वीकारायचा ह्याच्यावर सरकारला बंधन घालताच येत नाही, बंधन घालता येते ते बाहेरच्या आचरणावर, तेही कायद्यात लिहिलेलं असेल आणि खरंच गरजेचं असेल तरच. आणीबाणीतही हे कलम बाजूला ठेवता येत नाही.

म्हणून मी प्रत्येक प्रकरणात तीनच प्रश्न विचारतो. कोणता कायदा लावला? लेखी आहे का? सगळ्यांना सारखा आहे का? रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमातला नियम आहे, तो लावला म्हणून धर्मस्वातंत्र्य गेलं असं लिहू नका, आपलाच अर्ज हलका होतो. पण एकाच वस्तीचा भोंगा जप्त केला आणि त्याच हप्त्यात चौकातला दुसरा भोंगा रात्री बारापर्यंत चालला, तर ते लिहा, दोन्हीच्या तारखा अन् वेळा टाकून लिहा. तसंच रस्त्यावरच्या अनधिकृत धार्मिक बांधकामाचं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगून ठेवलं की सार्वजनिक जागेवर नवीन होऊ द्यायचं नाही, जुन्याचा एकेक तपासून निर्णय करायचा. मग आपला प्रश्न हा राहतो की तपासणी झाली का, नोटीस दिली का, यादीतली बाकीची कोणती तशीच ठेवली.

ज्यांना वाटते हे विषय दिल्ली-लखनौचे आहेत, त्यांनी आपला विदर्भ आठवावा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ला चंद्रपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी दीक्षा घेतली, आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक बैलबंडीने अन् पायी गेले होते. धर्म बदलला तो आपल्या मर्जीने, पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट होती म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं! कोणी लाठी मारली नाही, कोणी विहार पाडला नाही, तरी एका कागदातल्या एका ओळीने लाखो लोकांना धर्म निवडायची किंमत मोजायला लावली. शीख समाजाला १९५६ मध्ये त्या आदेशात घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. म्हणून नोंद करताना फक्त मारझोड पाहू नका, फॉर्म पाहा, दाखले पाहा, कोणत्या रकान्यात काय लिहायला लावलं ते पाहा.

आणि धर्मांतराच्या कायद्यांची मुळं पण इकडेच आहेत. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, त्या सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ ला आला, मग पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशात कायदा झाला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. न्यायालय म्हणालं की आपला धर्म समजावून सांगणं हा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा मूलभूत हक्क नाही. ह्यावर तुमचं मत काहीही असो, अर्ज लिहिणाऱ्याला हे माहीत पाहिजे, कारण समोरचा अधिकारी हेच सांगेल. घरात बसून दहा-पंधरा जण प्रार्थना करतात, कोणाला काही देत नाहीत, कोणाला ओढून आणत नाहीत, ही गोष्ट त्याच्यापासून साफ वेगळी आहे आणि अर्जात ती तशी वेगळी दिसली पाहिजे.

वहीत काय लिहायचं

त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत थांबलं की माणसाच्या डोक्यात दुसऱ्याचं ऐकलेलं मिसळते. मी तीन गोष्टींना तीन खुणा करतो, डोळ्यांनी पाहिलं त्याला "पा", दुसऱ्याने सांगितलं त्याला "ऐ" आणि सांगणाऱ्याचं नाव, अन् मला वाटलं त्याला "अं" म्हणजे अंदाज. अंदाज लिहायला हरकत नाही, पण तो अंदाज म्हणून वेगळा दिसला पाहिजे.

नमुना म्हणून एक पान सांगतो, नावगाव काढून. "रविवार, सकाळी १०:४०. वस्तीच्या टोकाचं टिनाचं शेड, मालकाच्या स्वतःच्या जागेत, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घरजागेचा उतारा) त्याच्या नावाने. आत १७ माणसं, त्यात ९ बाया, ३ लेकरं. लाऊडस्पीकर नव्हता, एक ढोलक होती (पा). पोलिसांची गाडी आली, तीन जण, एकाच्या छातीवर नावाची पट्टी होती, दुसऱ्याची पट्टी नव्हती (पा). पट्टी असलेला म्हणाला, 'काहून जमले बे इथं, परमिशन हाय का?' मालक म्हणाला, 'साहेब, घरचीच प्रार्थना हाय.' लेखी आदेश मागितला, दाखवला नाही (पा). ढोलक गाडीत टाकली, जप्तीचा कागद दिला नाही (पा). ११:०५ ला गाडी गेली. गाडी यायच्या आधी दोघं चौकात फोनवर बोलत होते असं किराणावाल्याने सांगितलं (ऐ)."

एवढंच. अत्याचार, दडपशाही, हुकूमशाही असले शब्द ह्या पानावर कुठंच नाहीत. ढोलक नेली आणि कागद दिला नाही, हे वाक्य त्या सगळ्या शब्दांहून भारी आहे, कारण ते तपासता येते. आणि माणसं जसं बोलली तसंच लिहा, वऱ्हाडीतलं वऱ्हाडीतच, "अधिकाऱ्याने अरेरावीची भाषा वापरली" असं साफसूफ करू नका. पुढे इंग्रजी भाषांतर करायची वेळ आली तरी मूळ वाक्य बाजूला ठेवा, "बे" ह्या एका अक्षरात काय आहे ते भाषांतरात उतरत नाही.

फोटो-व्हिडिओचं एकच सांगतो, मूळ फाईल ज्या मोबाईलमध्ये काढली त्याच्यातच राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलं की फाईल दबते, तारीख-वेळेची माहिती जाते. कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, मूळ डिलीट करू नका, मोबाईल विकू नका. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे दाखवणारा कोड, टाकावी लागते, ते वकील करून देतो, आपलं काम फाईल जशीच्या तशी जपणं. आणि लेकरांचे चेहरे गावच्या ग्रुपवर फिरवू नका कधीच.

संमती

ह्याच्यावर मी जास्त थांबतो कारण इथं माझ्या हातून चूक झाली आहे. सुरुवातीच्या वर्षात एका म्हाताऱ्या मावशीचं बयाण मी अर्जात नावासकट टाकलं, त्यांनी मला घरी बसवून सगळं सांगितलं म्हणजे त्यांची हो आहे असं मी धरून चाललो. अर्जाची प्रत चौकशीसाठी गावातच आली, ज्याच्या शेतात त्या कापूस वेचायला जायच्या त्याने वाचली, आणि त्या हंगामात त्यांना कोणीच वेचाईला बोलावलं नाही. मी माफी मागायला गेलो तर त्या एवढंच बोलल्या, "बाबू, मले इचारलं असतं त मी म्हटलं असतं, नाव नको टाकू." त्या दिवसापासून मी तीन वेगवेगळ्या परवानग्या विचारतो. माझ्या वहीत लिहू का? तहसील, पोलिसात नाव देऊ का? देशाबाहेर पाठवताना नाव देऊ का? प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकते. हो म्हटलं तर तारीख टाकून सही किंवा अंगठा, आणि नंतर नाही म्हणायचा हक्क त्यांचा कायम. बाईमाणसाला विचारायचं तर घरातल्या पुरुषासमोर विचारू नका, सोबत एखादी आशाताई नाहीतर बचतगटातली ताई असली तर त्या मोकळं बोलतात.

पोच

आता खिडकी. अर्ज साधा, एक पान, जास्तीत जास्त दीड. वर "प्रति, मा. तहसीलदार साहेब" किंवा ठाणेदार साहेब, विषय एका ओळीत, मग तारीखवार घटना, मग आपलं मागणं. मागणं नेमकं पाहिजे, "न्याय मिळावा" हे मागणं नाही, "कोणत्या आदेशाने प्रार्थना थांबवली त्या आदेशाची प्रत मिळावी आणि जप्त ढोलक पावती करून परत मिळावी" हे मागणं आहे. दोन प्रती न्या. एक त्यांना, एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि घेणाऱ्याची सही. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असं म्हटलं तर बसून राहा, नम्रपणे बसा, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. एका ठिकाणी मला सकाळी अकरापासून चारपर्यंत बसवलं, मी वहीत तेही लिहिलं, कोणत्या टेबलवर काय उत्तर मिळालं वेळेसकट, शेवटी मी लिहितोय हे पाहून बाबूने शिक्का मारला. तरीही नाहीच घेतलं तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीत चिकटवा, ट्रॅकिंगमध्ये पोचल्याचं दिसलं की त्याची प्रिंट काढून तीही चिकटवा.

पोलिसांनी जमावबंदी आहे म्हटलं तर आदेश मागा. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली येते, जुनी १४४, तो आदेश लेखी असतो, दंडाधिकाऱ्याचा असतो, आणि साधारण दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. सणाच्या आधी गडबड करू नका अशी ताकीद देणारी १६८ ची नोटीस हातात देतात, जुनी १४९, तिची झेरॉक्स फाईलला लावा, कोणाकोणाला दिली अन् कोणाला नाही दिली तेही लिहा. उलट तुमच्याच प्रार्थनास्थळाची कोणी नासधूस केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९८ आहे, चालू असलेली प्रार्थना उधळली तर ३००, कबरस्तान-स्मशानात घुसून विटंबना केली तर ३०१. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर घ्यावीच लागते आणि तिची प्रत फुकट मिळते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. ठाणेदाराने नाही घेतली तर तीच हकीकत लिहून पोस्टाने एसपी साहेबांना, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. आणि एक लक्षात ठेवा, बाया, १५ वर्षांखालचे आणि ६० वर्षांवरचे ह्यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. तपासात पोलिसांनी घेतलेल्या साक्षीदाराच्या बयाणावर सही लागत नाही, कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका.

माहितीचा अधिकार वापरा, तो फार कामाचा आहे. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा पाहिजे. "आमच्यावर अन्याय का केला" असं विचारू नका, कागद मागा. अमुक तारखेच्या स्टेशन डायरीची, म्हणजे ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीची, प्रत, मागच्या एका वर्षात मिरवणुकीच्या परवानगीसाठी आलेल्या सगळ्या अर्जांची आणि त्यांच्यावरच्या निर्णयांची यादी. ही यादी हातात आली की सगळ्यांना सारखं वागवलं का हा आपला तिसरा प्रश्न आपोआप सुटतो, समजा एका समाजाचे सगळे अर्ज मंजूर झाले अन् दुसऱ्याचे सगळेच नामंजूर, तर त्या यादीच्या वर काही लिहायची गरजच राहत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग ९० दिवसांच्या आत दुसरं अपील माहिती आयोगाकडे, त्याची खंडपीठं नागपूरला आणि अमरावतीला आहेत.

देशातली दारं

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देते, बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता, फोन १५१००. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग दिल्लीला आहे, १९९३ च्या कायद्याने झालेला, फी लागत नाही, अर्ज मराठीतही चालतो, ऑनलाईनही होतो, पण घटनेला एक वर्ष झालं की ते घेत नाहीत. राज्याचा आयोग मुंबईत आहे. दोघांकडे एकाच वेळी टाकू नका, राज्य आयोगाकडे चालू असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग हातात घेत नाही. मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन ह्यांच्यासाठी अल्पसंख्याक आयोग वेगळा आहे. आणि खरी ताकद पाहिजे तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, तिथं संविधानाच्या कलम २२६ खाली रिट याचिका.

कोर्टातून काय होऊ शकते ह्याची दोन उदाहरणं मी प्रत्येकाला सांगतो. केरळात १९८५ मध्ये तीन लेकरांना शाळेतून काढलं, ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण त्यांच्या पंथात बसत नाही म्हणून गात नव्हती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. दुसरं आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचं, २०१४ चं. काही लोकांना राजपत्रात आपला धर्म "कोणताही नाही" असा छापून पाहिजे होता, सरकारी मुद्रणालयाने नाकारलं, कोर्ट म्हणालं की धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही. आपल्या आश्रमशाळांत, अनुदानित शाळांत हे लागू पडते, संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पालकाच्या संमतीशिवाय लेकराला धार्मिक शिक्षणात, पूजापाठात बसवता येत नाही. आश्रमशाळेत शिकणाऱ्या गोंड, कोलाम पोराच्या बापाला हे कोणी सांगतच नाही.

गडचिरोली, मेळघाटकडच्यांनी अजून एक समजून घ्या. आदिवासींचा देव डोंगरावर असतो, झाडात असतो, चार भिंतीचं बांधकाम नसते, म्हणून सरकारी नकाशावर तिथं फक्त जंगल किंवा खनिज दिसते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्याच डोंगरात लोहखनिज आहे. अशा जागी वहीसोबत ग्रामसभेचा ठराव लागतो. पेसा १९९६ (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) आणि वनहक्क कायदा २००६ हे ग्रामसभेला परंपरा-संस्कृती जपायचा अधिकार देतात, आणि ओडिशाच्या नियमगिरी प्रकरणात १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरावरच्या देवाचा प्रश्न ग्रामसभा विचारात घेतील, मग तिथल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. ठरावात देवाचं नाव, जागेची हद्द, कोणत्या महिन्यात कोणती पूजा होते, पुजारी किती पिढ्यांपासून आहे, हे सगळं आत्ताच लिहून ठेवा, बुलडोझर आल्यावर लिहिलेल्या ठरावाला वजन कमी.

देशाबाहेर

इथं लोकांचा फार गोंधळ होतो. संयुक्त राष्ट्र म्हणजे वरचं कोर्ट नाही, तिथून कलेक्टरला ऑर्डर येत नाही. ज्या कराराचं वर सांगितलं त्याच्या समितीकडे एकट्या माणसाने तक्रार करायचा रस्ता भारतीयांना बंद आहे, कारण त्यासाठीचा वेगळा ऐच्छिक जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही. पण तीच समिती देशाचा अहवाल तपासते, भारताचा १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये तपासला, आणि अशा तपासणीच्या वेळेस संस्था-संघटना आपली माहिती देऊ शकतात.

सर्वात सरळ दार आहे धर्म किंवा श्रद्धा स्वातंत्र्याच्या विशेष प्रतिवेदकाचं, म्हणजे संयुक्त राष्ट्राने ह्या विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाचं. हे पद १९८६ पासून आहे, अस्मा जहांगीर ह्या पदावर असताना मार्च २००८ मध्ये भारतात येऊन गेल्या होत्या, २०२२ पासून नाझिला घानेआ आहेत. ह्यांना ऑनलाईन फॉर्मने माहिती पाठवता येते, इथले सगळे उपाय आधी संपवलेच पाहिजेत अशी अट नाही, फी नाही, वकील नाही. ते माहिती पडताळून सरकारला पत्र लिहितात, साधारण ६० दिवसांनी ते पत्र आणि सरकारचं उत्तर आलं असेल तर ते जाहीर करतात. माहिती देणाऱ्याचं नाव सरकारला कळवत नाहीत, पण पीडिताचं नाव पत्रात येऊ शकते, म्हणून ती तिसरी परवानगी, आणि नाव नको असेल तर फॉर्मवरच तसं लिहा.

काय लागते? कोणासोबत झालं, कोणी केलं, कधी, कुठं, कसं, आणि इथं काय तक्रार केली तिचं काय झालं. म्हणजे आपली वही अन् आपली पोच, दुसरं काही नाही. नुसत्या पेपरच्या कात्रणावर ते घेत नाहीत, राजकीय भाषण असलं तर बाजूला ठेवतात. मराठी तिथं चालत नाही, इंग्रजी करावं लागते, कॉलेजच्या एखाद्या मास्तरकडून करून घ्या, भाषांतर झालं की त्याच्याकडून परत मराठीत तोंडी सांगून घ्या आणि वहीशी ताडून पाहा. एकदा आमच्या भाषांतरात "थांबवलं" चं "अटक केली" झालं होतं, पाठवायच्या आधी सापडलं म्हणून बरं, नाहीतर एका शब्दापायी सगळं खोटं ठरलं असतं.

तिसरं दार सार्वत्रिक आढाव्याचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रात प्रत्येक देशाची मानवी हक्कांची तपासणी होते त्याचं. प्रत्येक देशाचा साडेचार-पाच वर्षांनी नंबर लागतो, भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. ह्यात एका घटनेपेक्षा पद्धत दाखवावी लागते, एकट्या संस्थेला २८१५ शब्द, अनेक संस्था मिळून दिलं तर ५६३०. तालुक्यातल्या पाच-सहा वह्या एकत्र आल्या तर इथं खरं काम होते, म्हणून सगळ्यांनी रकाने सारखे ठेवा.

अमेरिकेचा एक आयोग आहे, १९९८ च्या त्यांच्या कायद्याने झालेला, दरवर्षी जगभरच्या धर्मस्वातंत्र्याचा अहवाल काढतो, भारताबद्दल पण लिहितो आणि आपलं परराष्ट्र मंत्रालय तो पक्षपाती म्हणून फेटाळते. तो वाचा जरूर, पण माझं स्पष्ट मत आहे की गावच्या माणसाने आपली माहिती आधी संयुक्त राष्ट्राकडेच द्यावी. तो करार आपल्या देशाने स्वतः मान्य केलेला आहे, तिथं सांगणं म्हणजे दिलेल्या शब्दाची आठवण करून देणं. दुसऱ्या देशाच्या सरकारी संस्थेकडे पहिले गेलं की गावात बोट दाखवायला जागा होते. आणि ह्या कामासाठी बाहेरून कोणाचेही पैसे घेऊ नका, वही आपली, पेन आपला, झेरॉक्सला वर्गणी करा.

वही सगळ्यांची ठेवा. माझ्या वहीत विहार आहे, दर्गा आहे, टिनाच्या शेडमधली प्रार्थना आहे, आणि पुनर्वसनात गावठाण दिलं पण देवीच्या ठाण्याला अन् स्मशानाला जागाच सोडली नाही तेही आहे. जो फक्त आपल्याच जातीधर्माचं लिहितो त्याच्या यादीवर तहसीलमध्येही कोणी भरवसा ठेवत नाही आणि जिनिव्हातही नाही.

पाठवून झालं की तारखा मोजा. आरटीआयचे ३० दिवस, प्रतिवेदकाच्या पत्राचे ६० दिवस, मानवाधिकार आयोगाचं एक वर्ष, हे वहीच्या शेवटच्या पानावर कॅलेंडरसारखं लिहा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहा. सरकारचं उत्तर आलं, कितीही उलटं असलं तरी, पूर्ण चिकटवा. त्यात लिहिलं असेल की त्या दिवशी पोलीस त्या वस्तीत गेलेच नव्हते, तर आपल्या पानावरची १०:४० ची वेळ, स्टेशन डायरीची आरटीआयमधून आलेली प्रत आणि ढोलक परत मागितल्याच्या अर्जाची पोच, ह्या तिन्हीच्या झेरॉक्स लावून त्याच पत्राचा नंबर टाकून दुसरं पत्र लिहा.